वजा सहाशे

मामांच्या ऑफिसात झाडून सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असत. भिंतीवरचं, टेबलावरचं, कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं, प्रत्येकाच्या मनगटावरचं आणि खिशातल्या फोनमधलंसुद्धा. आणि ती पुढे आहेत असं बोलून दाखवायची कोणाची टाप नव्हती. घड्याळ पुढे आहे हे ज्याच्या लक्षात राहतं त्याला त्याचा काही उपयोग नाही, ते विसरायचं असतं, असं मामांचं म्हणणं. लिफ्ट बसवायच्या आणि बिघडल्या की दुरुस्त करायच्या हा त्यांचा धंदा, आणि कुठे माणूस अडकला की आपला माणूस वेळेवर पोचलाच पाहिजे ही त्यांची शिस्त. आता कुणाला वाटेल, यामागे काही जुनं दुःख असणार, कधीतरी कुणाचा तरी जीव गेला असणार. तसलं काही नाही. माणसाला उशीर खपत नव्हता, एवढंच.

मामा म्हणजे जावयाचे सासरे. जावयाला ऑफिसात दुसरं नावच उरलं नव्हतं. समोर जावईसाहेब, पाठीमागे घरजावई, आणि मामांच्या तोंडी जावईबापू. लग्न झालं तेव्हा त्याच्या हाताला काम नव्हतं. मामा म्हणाले, आमच्या कॉम्प्युटरचं थोडे दिवस बघा. त्या थोड्या दिवसांची सात वर्षं झाली. तळमजल्यावर ऑफिस, वर जावयाचा संसार, आणि मधल्या मजल्यावर मामा. वरून खाली जाताना मामांच्या दारावरून, खालून वर येताना मामांच्या दारावरून. मामा कधी अरेतुरे करत नसत. "तुम्ही आज रविवारी जरा खाली बसाल का," असं इतक्या मानानं विचारत की नाही म्हणायला जीभ रेटत नसे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त बुक्के मऊ होते.

ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर कोण कुठे अडकलंय ते दिसायचं, तो प्रोग्रॅम जावयानंच लिहिलेला होता. काम साधं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसानं घंटेचं बटण दाबलं की लिफ्टवरची पेटी ऑफिसला एक आकडा पाठवते. एकोणीसशे सत्तर सालच्या पहिल्या जानेवारीपासून त्या क्षणापर्यंत किती सेकंद झाले, तो आकडा. जगभरचे कॉम्प्युटर वेळ अशीच मोजतात. मग ऑफिसच्या कॉम्प्युटरलाही विचारायचं, बाबा रे, आत्ता तुझे किती सेकंद झाले? जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमच्या भाषेत त्यासाठी 'डेट डॉट नाऊ' म्हणायचं. उत्तर सेकंदाच्या हजाराव्या भागात मिळतं, म्हणून हजारानं भागायचं, मागचा अपूर्णांक उडवायचा. या आकड्यातून तो आकडा वजा केला की माणूस किती वेळ अडकलाय ते कळतं. पहिलीतलं पोरही करेल.

पण 'डेट डॉट नाऊ' काही आकाशातून वेळ आणत नाही. ज्या कॉम्प्युटरवर बसलंय त्याच्याच घड्याळात बघून सांगतं. लिफ्टवरच्या पेट्यांची वेळ बरोबर होती आणि ऑफिसचा कॉम्प्युटर मामांच्या हुकमानं दहा मिनिटं पुढे. त्यामुळे पहिल्याच दिवशी, माणसानं बटण दाबताक्षणी पडद्यावर आलं की तो दहा मिनिटांपासून अडकलाय. मामा मेकॅनिकवर कडाडले की दहा मिनिटं झाली आणि तुम्ही अजून इथेच कसे.

तेव्हा जावयानं उठून सांगायला हवं होतं की मामा, तुमचं घड्याळ चुकीचं आहे. लग्नाला महिनाही झाला नव्हता. त्यानं खाली मान घालून प्रोग्रॅममध्ये वजा सहाशे असं लिहून टाकलं. सहाशे सेकंद म्हणजे दहा मिनिटं. मामांचं घड्याळही राहिलं आणि हिशेबही जुळला. पुढे एकदा पडद्यावर 'वजा तीन सेकंद अडकले' असं आलं आणि मेकॅनिक पोट धरून हसले, तेव्हा त्यानं आणखी एक ओळ घातली की उत्तर शून्याच्या खाली गेलं तर ती लिफ्ट दाखवायचीच नाही. आणि पोरं घंटा वाजवत सुटतात म्हणून प्रत्येक लिफ्टचा फक्त शेवटचा आकडा धरायचा, मागचे पुसायचे. झालं. सात वर्षं बिनबोभाट चाललं.

ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत जावयाला एक फोन करायचा होता. दुसऱ्या गावी चांगली नोकरी चालून आली होती, पाचपर्यंत होकार कळवा नाहीतर आम्ही दुसऱ्याला घेतो, असं त्यांनी बजावलं होतं. बायको तर एका पायावर तयार होती. तिला बापाच्या डोक्यावरच्या मजल्यावर म्हातारं व्हायचं नव्हतं. पण तिची एकच अट होती. "पळून गेल्यासारखं मी जाणार नाही. बाबांना आधी तू सांगायचंस. सात वर्षांत एकदा तरी त्यांना नाही म्हणालायस का तू?" म्हणाला नव्हता. आठ दिवस तो रोज सकाळी आज सांगतो म्हणून जिना उतरायचा आणि रात्री उद्या सांगतो म्हणून चढायचा.

सकाळपासूनच तो बाहेरच्या कामांवर होता. सव्वाचारला एका नव्या इमारतीत मामा त्याला भेटले. इमारत कोरी करकरीत, माणूस अजून राहायला आलं नव्हतं. लिफ्टचा ताबा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि शेवटची फेरी मामा स्वतः मारून बघत. जावयानं मनाशी ठरवलं, सातव्या मजल्यावर पोचायच्या आत सांगून टाकायचं, मामा लिफ्टमधून कुठे जाणार आहेत? घसा खाकरला. "मामा," म्हणाला. मामा म्हणाले, "बोला." चौथा मजला गेला, लिफ्टला एक हिसका बसला आणि ती उभी राहिली.

मामांनी हातानं आतलं दार सरकवलं. समोर सिमेंटची भिंत, तिच्यावर गवंड्यानं पेन्सिलीनं ओढलेली रेघ. वरचं झाकण बाहेरून बंद. जावयाच्या फोनला रेंज नाही, मामांचा फोन खाली गाडीत. बोलायचं यंत्र अजून बसायचं होतं, चालू होती ती फक्त घंटा. पंखा थांबला होता, भिंतींच्या पत्र्यावरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं आणि गोंदाचा वास डोक्यात जात होता. घंटेच्या वर मामांनीच छापून घेतलेली पट्टी होती: शांत राहा, बटण दाबा, मदत येत आहे. मामांनी बटण दाबलं.

कोणी आलं नाही. मामांनी पुन्हा दाबलं. पट्टीतलं 'शांत राहा' त्यांनी दुसऱ्यांसाठी लिहिलं होतं. ते मिनिटाला एकदा बटण दाबायचे, कान देऊन ऐकायचे, फेरी मारायचे (फेरी म्हणजे दोन पावलं) आणि पुन्हा दाबायचे. ऑफिस इथून दहा मिनिटांवर. पडद्यावर लाल ओळ उमटायला हवी, फोनवाल्या बाईंनी मेकॅनिकला हाक मारायला हवी, त्यानं गाडीला लाथ मारायला हवी.

छटाक नावाच्या त्या मेकॅनिकला मामा इथेही बोल लावत होते. अंगानं काडी असला तरी कामाला वाघ होता, पण आज सकाळपासून त्याच्या नावानं दोन तक्रारी आल्या होत्या. दोन्हीकडे माणसं अडकली आणि हा उशिरा पोचला. आणि वर शपथ घेऊन सांगतो की पडद्यावर दिसलं तसा निघालो. मामांनी त्याला खोटारडा म्हणून झापलं होतं.

जावई ऐकत होता. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. त्याच्या डोक्यात फक्त पाच वाजत होते. मनात तो स्वतःलाच शिव्या घालत होता की आठ दिवसांपूर्वी तोंड उघडलं असतं तर आज या डब्यात नसतो.

मग मामा एकदम मऊ आवाजात म्हणाले, "तुम्हाला सांगायचं राहिलं. आज सकाळी मी ऑफिसची घड्याळं बरोबर करून घेतली, जावईबापू. भिंतीवरचीसुद्धा. कॉम्प्युटरचं बाईंनी केलं. म्हटलं, तुम्हा तरुण माणसांना माझ्या घड्याळांचा जाच होत असेल."

सात वर्षांत मामा पहिल्यांदा एक पाऊल मागे आले होते, आणि त्याच पावलानं दोघांना इथे कोंडलं होतं. कॉम्प्युटर आता बरोबर वेळ सांगत होता आणि प्रोग्रॅम त्यातून अजूनही सहाशे वजा करत होता. म्हणजे बटण दाबल्यावर उत्तर शून्याच्या दहा मिनिटं खाली जाणार, आणि शून्याच्या खालचं दाखवायचं नाही हे त्यानंच लिहून ठेवलेलं. दहा मिनिटं पडदा कोराच राहणार. छटाक बिचारा खरं बोलत होता. आणि मामा दर मिनिटाला बटण दाबून मागचा आकडा पुसत होते. दहा मिनिटं नव्यानं सुरू, पुन्हा नव्यानं सुरू. असेच दाबत बसले असते तर उद्या ताबा घ्यायला येणाऱ्यांनीच त्यांना बाहेर काढलं असतं.

मामांचा अंगठा बटणाकडे निघाला.

"मामा, बटण दाबू नका."

मामांनी वळून बघितलं. जावयाच्या तोंडून 'नका' हा शब्द त्यांनी आजवर ऐकला नव्हता. जावयालाही तो नवा होता. पण आता इकडे आड, तिकडे विहीर. न सांगावं तर मामा दाबणार, सांगावं तर सात वर्षांचं सगळं बाहेर येणार. त्यानं सांगितलं. घड्याळाचं, सहाशेचं, शून्याखालच्या ओळीचं, शेवटच्या आकड्याचं. मामांना जावास्क्रिप्टमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वजाबाकी कळत होती.

"म्हणजे," मामा सावकाश म्हणाले, "माझं घड्याळ चुकीचं आहे हे तुम्हाला सात वर्षं माहीत होतं. मला न सांगता तुम्ही आतल्या आत ते बरोबर करत होतात."

"हो."

"का नाही सांगितलंत?"

"तुमची भीड पडायची."

"भीड भिकेची बहीण, जावईबापू," मामा म्हणाले आणि खाली बसले. जावईही समोर बसला. गुडघ्याला गुडघा लागत होता. शेवटचं बटण दाबून मिनिटभर झालं असेल. आता आणखी नऊ मिनिटं अंगठा आवरायचा होता, आणि मामांसारख्या माणसाला नऊ मिनिटं नुसतं बसणं म्हणजे शिक्षाच. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. जावई फोनकडे बघत होता. वर दोराला कुठेतरी ताण बसून कुरकुर झाली तेवढीच.

अर्धा वेळ सरला तेव्हा मामांनी विचारलं, आणखी काही सांगायचं राहिलंय का. आणि जावयानं, एकदा तोंड उघडलंच आहे तर, तेही सांगितलं. नोकरी, दुसरं गाव, पाचची मुदत. या वेळी एकही वाक्य त्यानं अर्धं सोडलं नाही. ऐकून घेऊन मामा म्हणाले की त्यांना माहीत होतं. लेकीचा चेहरा बघून त्यांनी विचारलं होतं, आणि तिला खोटं बोलता येत नाही. आठ दिवस ते वाट बघत होते की हा आपणहून कधी सांगतो. आणि आज सकाळी घड्याळं बरोबर केली ती म्हणूनच. म्हटलं, एवढं केलं तर राहतील.

जावयाला भरून आलं. फोनमध्ये बघितलं, मिनिटभर राहिलं होतं. पडद्यावर ओळ उमटेल, छटाक दहा मिनिटांत पोचेल. पाचला अजून बराच अवकाश होता. सुटलो, असं त्याच्या मनात आलं.

मामा उठले. त्यांनी मनगटाकडे बघितलं, ओठ हलवून काहीतरी हिशेब केला आणि अंगठा बटणावर ठेवून दाबला.

जावई ताडकन उठला. "मामा, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो," मामा म्हणाले. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, पण समोर आरसा होता आणि आरशात जावईच दिसत होता. "आता ही दहा मिनिटं, छटाकला यायला दहा. बाहेर पडू तेव्हा पाच वाजून गेलेले असतील. वर तुमची पावलं वाजतात तेव्हा मला झोप लागते. ती बंद झाली तर मी त्या घरात काय करू? मला दुसरं काही सुचलं नाही."

जावयाला संताप आला. सात वर्षांचा एकदम आला. त्यानं मामांना स्पष्ट सांगितलं की तुम्ही माणसं धरून ठेवता, गोड बोलून धरून ठेवता, आणि मी लहान पोरासारखा धरला जातो याची मला स्वतःचीच शरम वाटते. मामांनी सगळं ऐकून घेतलं. पुन्हा बटणाला हात लावला नाही. दोघं दोन कोपऱ्यांत बसून राहिले आणि मधे गोंदाचा वास.

शेवटी वरून ठोकाठोक ऐकू आली. लिफ्ट हळूहळू वर सरकली आणि पाचव्या मजल्याचं दार उघडलं. दारात छटाक उभा होता, हातात पाना, चेहऱ्यावर आता कोणाला झापणार ही भीती. पडद्यावर दिसलं तसा निघालो, असं तो न विचारताच म्हणाला. मामांनी मान हलवली. आधी ते बाहेर आले, मग जावई. बाहेरची हवा त्याच्या तोंडावर आली आणि खिशातल्या फोनला रेंज आली.

मामांनी मनगट डोळ्यांपुढे धरलं. "पाच वाजून पाच मिनिटं," ते म्हणाले. "गेली तुमची वेळ. माझ्यामुळे गेली. मला माफ करा, जावईबापू." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर, खोटं कशाला बोलू, सुटल्याचा आनंदही होता.

जावयानं फोन काढला. नियम म्हणजे नियम, फोनवरही पाच वाजून पाचच होते. नेहमीच्या सवयीनं त्यानं मनातल्या मनात दहा वजा केले. भिंतींवरची घड्याळं मामांनी बरोबर करून घेतली होती, मनगटावरचं तसंच राहिलं होतं. विसरले होते, की तेवढी दहा मिनिटं त्यांनी जावयासाठी ठेवली होती, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. जावयाला बाजूला जाऊन गुपचूप फोन करता आला असता. आजवर तो तेच करत आला होता.

"मामा," तो म्हणाला, "तुमचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे."

छटाकच्या हातातून पाना निसटला आणि खणखणत दोन पायऱ्या खाली गेला. तो उचलायचंही त्याला भान राहिलं नाही.

मामा घड्याळाकडे बघत राहिले. मग विचारलं, "मग वाजले किती?"

"पाचला पाच कमी."

मामांनी पट्टा सोडून घड्याळ हातात घेतलं आणि बाजूची चावी ओढायला लागले. ती घट्ट बसली होती, नखानं निघेना. मान वर न करता ते म्हणाले, "मग उभे काय राहिलात? लावा फोन."

जावयानं तिथेच, मामांच्या समोर उभं राहून फोन लावला. पलीकडून आवाज आल्यावर तो म्हणाला, हो, मी येतोय. मामांना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. मग फोन खिशात टाकून त्यानं मामांच्या हातातलं घड्याळ घेतलं, आपल्या नखानं चावी ओढली आणि मामांनी सांगायच्या आत काटे मागे घेतले.